दुखत नाही, तरी दात का दाखवायचे?

दाढ रात्रभर ठणकली, लवंग धरून झाली, गोळी घेऊन झाली, गाल सुजला, की मग आपण दातांच्या डॉक्टरकडे जातो. एवढ्या उशिरा गेल्यावर एक तर रूट कॅनाल करावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते. तोच अनुभव मग घरोघरी सांगितला जातो आणि दवाखान्याची धास्ती पोराबाळांपर्यंत पोचते. नियमित तपासणी मात्र वेगळीच असते. तिच्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : दुखत नाही म्हणजे दात चांगले आहेत.

वस्तुस्थिती : दाताच्या वरच्या कठीण कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, नस नसते. कीड तिथे सुरू होते तेव्हा काहीच जाणवत नाही. ती आतल्या थरात उतरली की गार आणि गोड खाताना कळ येते. त्याहून आत, नसेपर्यंत पोचली की ठणका लागतो. कवचावर नुसता पांढुरका डाग असताना फ्लोराइड आणि नीट ब्रशिंग यांवर कीड थोपवता येते. खड्डा पडला की सिमेंट भरावं लागतं आणि नस बाधली की रूट कॅनाल. हिरड्यांचा आजार तर बहुधा न दुखताच वाढतो. ब्रश करताना रक्त येणं ही त्याची पहिली खूण. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचं सोडलं, तर तो आणखी बळावतो.

गैरसमज : खुर्चीत बसलं की लगेच मशीन तोंडात.

वस्तुस्थिती : सुरुवात प्रश्नांनी होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का? रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? कुठल्या औषधाची ॲलर्जी? गरोदर आहात का? हे सगळं दातांशी निगडित आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. साध्या तपासणीला उपाशी जाण्याची गरज नाही. जेवून, नेहमीच्या गोळ्या घेऊन जा. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्यानंतर छोटा आरसा, उजेड आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई एवढ्यावर काम चालतं. सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद उतरवून डॉक्टर खोली मोजतात आणि मदतनीस लिहून घेतो : ‘दोन, तीन, दोन… पाच.’ तीनपर्यंतचे आकडे चांगले. चार किंवा त्याहून जास्त आला, तर तिथे हिरडी दातापासून सुटू लागली असण्याची शक्यता असते. मध्येच ‘तीन-सहा’ असं ऐकू आलं तर दचकू नका. तो खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचा क्रमांक आहे.

गैरसमज : दातांचा डॉक्टर फक्त दात बघतो.

वस्तुस्थिती : जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, गालांची आतली बाजू, टाळू आणि मानेच्या गाठीही पाहिल्या जातात. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्रात २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, मावा, विदर्भातला खर्रा आणि कित्येक बायकांची सकाळची मशेरी सुटलेली नाही. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठरते आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी मावत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा हेही दाखवायलाच हवं, दुखत नसलं तरी. आणि मशेरी लावत असाल तर लाजून लपवू नका.

गैरसमज : दात साफ करून घेतले की ते हलतात, फटी पडतात.

वस्तुस्थिती : ही तक्रार खोटी नसते, तिचं कारण वेगळं असतं. दातांवर साचलेलं किटण दगडासारखं घट्ट होतं. ते ब्रशने निघत नाही, म्हणून मशीनच्या वेगाने थरथरणाऱ्या टोकाने सुटं करतात. सोबत पाण्याचा फवारा असतो. किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेलं असेल, तर ते निघाल्यावर फट उघडी पडते आणि ढिला दात ढिला जाणवतो. काही दिवस गार पाणी झोंबतं, मग कमी होतं. नीट केलेल्या साफसफाईने एनॅमल झिजत नाही. ते आपल्या शरीरातलं सर्वांत कठीण द्रव्य आहे.

गैरसमज : एक्स-रे घातक असतो.

वस्तुस्थिती : एका छोट्या डिजिटल एक्स-रेतून साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो, म्हणजे एक्स-रेचा हिशेब जेमतेम एका दिवसाएवढा. दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, ती यात दिसते. तरीही गरज असेल तेव्हाच काढतात. गरोदर असाल तर आधी सांगा.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच, त्यांना काय दाखवायचं?

वस्तुस्थिती : ते वेळेआधी गेले तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि मागून येणारा वेडावाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे जी दाढ येते, ती कोणताही दात न पडता येते. म्हणून ती दुधाचीच समजून दुर्लक्ष होतं. खरं तर ती कायमची असते. मुलाची पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी.

गैरसमज : वरची दाढ काढली की नजर जाते.

वस्तुस्थिती : दातांच्या संवेदना नेणारी नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही.

गैरसमज : प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी जायलाच हवं आणि ते खिशाला परवडत नाही.

वस्तुस्थिती : सहा महिने हा सोयीचा ठोकताळा आहे. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी, धोका पाहून, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं अंतर सांगितलं आहे. तंबाखू किंवा मधुमेह असेल तर लवकर, दात-हिरड्या उत्तम असतील तर उशिरा. खासगी दवाखाना झेपत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईत महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात माफक दरात तपासणी होते. रांग लागते, वेळ काढून जा.

निघताना तीन गोष्टी विचारून घ्या : आत्ता काय करायलाच हवं, काय थांबलं तरी चालेल आणि पुन्हा कधी यायचं. तपासणीत खर्चाचं मोठं काम निघालं, तर घाईने होकार देऊ नका. एक्स-रे मागून घ्या आणि वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. दुखत नसताना गेलात, तर एवढी सवड मिळते. ठणका लागल्यावर ती उरत नाही.