गोंदण, देवीचा वण आणि किनाऱ्यावरचं ऊन

वरसोली, थळ, रेवदंडा, मुरूड, कुठल्याही कोळीवाड्यातल्या सत्तरीपुढच्या आजीचा हात पाहा. दंडावर देवी टोचल्याचा चपटा गोल वण आणि खाली हिरवट पडलेलं गोंदण. देवीची पहिली लस भारतात १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली. १९७७मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि पुढच्या पिढीच्या हातावर तो वण उरला नाही. हळूहळू गोंदणही शाळेत जाणाऱ्या मुलींना नकोसं झालं.

पूर्वी गोंदणारी बाई दारात यायची. काजळी कालवायची, सुयांनी टोचायची, वर हळद दाबायची. काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने सहजी विटत नाही. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, पण गोंदणाचा रंग त्याच्या खालच्या थरात बसलेला असतो, म्हणून तो जन्मभर टिकतो. वर्षं जातात तशी त्याची कड मात्र पसरते, आणि वरची कातडी रापली की नक्षी झाकोळते. एकाच आजीच्या हातावर हे दिसतं: चोळीच्या बाहीखालचं तुळशीवृंदावन अजून रेखीव, मनगटावरचं नाव मात्र वाचता येत नाही.

इथलं ऊन साधं नाही. मेच्या मध्यावर अलिबागला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अतिनील किरणांचा निर्देशांक उन्हाळ्यात अकराच्या वर जातो. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. सुकट, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांना ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. डोक्यावरचा पदर आणि अंगभर लुगडं हे त्यांचं खरं संरक्षण होतं, आणि माझ्या मते ते आजच्या कितीतरी मलमांपेक्षा भरवशाचं होतं. अंगाला चोपडलेलं खोबरेल ते काम करत नाही.

दुर्लक्ष झालं ते ताज्या जखमांकडे. ओहोटीला खडकावर कालवं फोडताना बोटं, तळवे, पोटऱ्या कापतात. खपली पडल्यावर येणारी नवी कातडी उन्हात गेली की काळी पडते, आणि तो डाग वर्षानुवर्षं जात नाही. असा वण सहा महिने ते वर्षभर झाकायला हवा, हे या बायकांना कोणी सांगितलंच नाही.

मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो फेरीबोट सुरू झाली. मांडवा, किहीम, नागावच्या वाळूवर रंगीत टॅटूवाली तरुण मंडळी आता सहज दिसतात. यातले लाल-पिवळे रंग उन्हात काजळीपेक्षा लवकर फिके पडतात, आणि काहींच्या अंगावर तिथेच खाज सुटून सूज येते. ताजा टॅटू ही जखमच असते. ती भरेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, त्यावर सनस्क्रीन लावायचं नाही, समुद्रातही उतरायचं नाही. सैल सुती बाही पुरते. नंतर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, भरपूर, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा.

पर्यटक हे विकत घेतील. उन्हात राबणाऱ्या बाईपर्यंत ते कोणी नेत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी निदान कालवं काढणाऱ्या, मासळी सुकवणाऱ्या बायकांना लांब बाह्यांचे सुती सदरे आणि हातमोजे द्यावेत, आणि ताजी जखम उन्हापासून झाकायला सांगावं.