वैमानिक व्हायचे, पण कोणत्या गावी?

मुलांना वैमानिकीच्या पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचे ठरले, की आपण मॉरिशसची माणसे आधी फी विचारतो. आम्ही म्हणतो, गावही विचारा. एंब्री-रिडल विद्यापीठ एकच. पण फ्लोरिडातील डेटोना बीचला समुद्र आणि उन्हाळ्यात दुपारची वादळे, तर ॲरिझोनातील प्रेस्कॉट सुमारे ५,००० फुटांवर, हवा विरळ, विद्यार्थीही कमी. नॉर्थ डकोटाच्या ग्रँड फोर्क्सला हिवाळ्यात पारा उणे २० अंशांखालीही उतरतो. बर्फ न पाहिलेल्या आपल्या पोराला हे आधीच सांगावे. हवेमुळे उड्डाणे रद्द होत गेली, की शिक्षण लांबते, खर्च वाढतो. शिवाय रविवारी बोलायला कोण? या वर्गांत मुली थोड्याच असतात. मुलीला पाठवणाऱ्यांनी तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीशी तिचे फोनवर बोलणे करून द्यावे. माहितीपुस्तकातील हसऱ्या चेहऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही.