अज्ञात कोन आणि समीकरणांचे स्वातंत्र्य

अज्ञात कोनास अक्षर द्यावे, आकृतीतील संबंध समीकरणाने मांडावेत आणि समीकरण सोडवावे, ही रीत शालेय भूमितीत रूढ आहे. समद्विभुज त्रिकोणाचा पायालगतचा प्रत्येक कोन शिरःकोनाच्या दुप्पट असल्यास क्ष + २क्ष + २क्ष = १८०°, म्हणजे शिरःकोन ३६° येतो. अज्ञाते अनेक असल्यास नावेही अनेक लागतात, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) ती ‘यावत्तावत्’, ‘कालक’, ‘नीलक’ अशी आहेत. परंतु जितकी अज्ञाते तितकी समीकरणे मिळाली, एवढ्याने भागत नाही. ती परस्परांपासून स्वतंत्र असावी लागतात. ई. एम. लँग्ले यांनी १९२२ साली ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये दिलेल्या प्रश्नावरून या अटीचे महत्त्व ध्यानी येते.

अबक त्रिकोणात कोन अ = २०° आणि ब व क हे कोन प्रत्येकी ८०° आहेत. अक बाजूवर ड आणि अब बाजूवर इ हे बिंदू असे आहेत की, कोन कबड = ६०° व कोन बकइ = ५०°. कोन बडइ काढावयाचा आहे.

कोन बडइ = क्ष आणि कोन कइड = य मानावा. बड व कइ या रेषा म बिंदूत छेदतात. कोन बमक = ७०°, म्हणून विरुद्ध कोन डमइ हाही ७०°; अर्थात क्ष + य = ११०°. दुसरे समीकरण अइड त्रिकोणातून मिळवू गेल्यास, कोन बडक = ४०° व कोन बइक = ५०° असल्यामुळे

२०° + (१४०° − क्ष) + (१३०° − य) = १८०°

असे होते; म्हणजे पुन्हा क्ष + य = ११०°. वाक्ये दोन, आशय एकच. आकृती तर पूर्णपणे निश्चित आहे. मग उणीव कोठे? कोनांच्या बेरजा बाजूंच्या लांबीविषयी काहीच सांगत नाहीत, येथे.

ती माहिती एका साहाय्यक रेषेने मिळते. अक वर ग बिंदू असा घ्यावा की, कोन कबग = २०°. तेव्हा कोन बगक = ८०°, म्हणून बग = बक. तसेच कोन बइक = कोन बकइ = ५०°, म्हणून बइ = बक. यावरून बग = बइ; आणि कोन इबग = ६०° असल्याने त्रिकोण बइग समभुज ठरतो. पुढे कोन गबड = कोन गडब = ४०°, म्हणून गड = गब = गइ. कोन इगड = ४०°, यास्तव कोन गडइ = ७०°; आणि क्ष = ७०° − ४०° = ३०°.

पहिल्या दोन समीकरणांची वजाबाकी केल्यास ० = ० एवढेच उरते. त्यावरून प्रश्न असाध्य आहे असा निष्कर्ष विद्यार्थ्याने काढू नये. आकृतीने सांगितलेले सर्व अद्याप समीकरणात उतरलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ होय.