मुरवलेली लाल वाइन (नाशिक)

नाशिक जिल्ह्यात शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो इत्यादी काळ्या द्राक्षांपासून केलेली काही लाल वाइन ओकच्या पिंपांत व नंतर बाटलीत मुरवली जाते. दिंडोरी परिसरातील शिराझ त्यासाठी विशेष परिचित आहे.

वाइन मुरण्याचा आधार म्हणजे टॅनिन आणि आम्लता. टॅनिन साल, बिया व लाकूड यांतून उतरते. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येणारा तुरटपणा त्याच जातीचा. कालांतराने टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन काही अंशी साका बनून तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो, जांभळा रंग विटकरी होतो आणि ताज्या फळांच्या गंधाची जागा सुकामेवा, चामडे, तंबाखू यांची आठवण देणारे गंध घेतात. आम्लता मात्र अशी नव्याने येत नाही. ऑस्ट्रियातील बुर्गेनलांडचे ब्लाउफ्रँकिश द्राक्ष ती टिकवून धरते. नाशिकला ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे पीक वाढत्या उन्हात पिकते व आम्लता झपाट्याने उतरते. म्हणून तोडणीचा दिवस चुकला, तर पुढे कितीही मुरवून उपयोग नसतो. बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते.

साठवणीस सुमारे १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान व अंधार लागतो. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कपाटावर ठेवलेली चांगली बाटलीही काही आठवड्यांत शिजल्यासारखी लागते. आस्वाद घेताना ती १६ ते १८ अंशांवर असावी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा संकेत युरोपातील थंड घरांचा आहे.