दिसतो तिथे तारा नसतो

वैशाखातल्या दुपारी मुंबई-गोवा महामार्गाने महाडहून पोलादपूरकडे निघालात, की पुढे डांबरावर पाणी साचल्यासारखे दिसते. जवळ जावे, तर रस्ता कोरडा ठणठणीत! तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, आकाशाकडून येणारा प्रकाश तिच्यात वाकतो आणि आकाशाचा तुकडा आपल्याला रस्त्यावर दिसतो. आपल्याला याची गंमत वाटते. भर समुद्रात मात्र प्रकाशाचे असेच वाकणे जहाजाला मैलोगणती चुकवू शकते.

आपल्या कोकणातली कितीतरी मुले बोटीवर नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी जे अधिकारी होतात, त्यांना सेक्स्टंट हे यंत्र वापरायला शिकावे लागते. क्षितिज आणि तारा यांमधला कोन ते मोजते. तारा बरोबर डोक्यावर असेल तर कोन ९० अंश. त्या ताऱ्याखालच्या जागेपासून आपण दूर गेलो, की तारा खाली उतरतो. कोन एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, कमी झाला की अंतर एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर, वाढले. हिशेब इतका सोपा!

गोम हवेत आहे. वरच्या विरळ हवेतून खालच्या दाट हवेत येताना किरण वाकतो आणि तारा असतो त्यापेक्षा वर दिसतो. ४५ अंशांवर हा फरक जेमतेम एक कला असतो. १० अंशांवर तो पाच कलांहून थोडा जास्त होतो. म्हणजे चूक नऊ-दहा किलोमीटरची. महाड-पोलादपूर सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर आहे, यावरून कल्पना करा. अंधारात पुढे खडक असेल तर?

क्षितिजाशी फरक ३४ कलांवर जातो. सूर्यबिंब साधारण ३२ कलांचे. सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या हरिहरेश्वरी सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य बुडालेला असतो!

म्हणून नाविक कोष्टक पाहून ही वाढ वजा करतात. कोष्टक ठरावीक तापमान आणि हवेचा दाब धरून केलेले असते. हवा वेगळी असेल तर आणखी दुरुस्ती करावी लागते. शिवाय क्षितिजाकडून येणारा किरणही वाकतो. गार पाण्यावर उष्ण हवा पसरली, की क्षितिजच वर उचलल्यासारखे दिसते आणि तिथे कोष्टकही फसते. त्यामुळे जाणता नाविक फार खालचे तारे टाळतो आणि वेगवेगळ्या दिशांचे तीन-चार तारे मोजून पडताळा घेतो.

आता जीपीएस असताना हा खटाटोप कशाला? जीपीएसचे संकेत बिघडवता येतात. युद्धग्रस्त भागांजवळ हे घडलेही आहे. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसवर वाट काढायला बंदी होती. भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी सेक्स्टंटच्या आधारे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले.

पुढच्या वेळी महामार्गावर ते खोटे पाणी दिसले, की त्या नाविकाची आठवण ठेवा. डोळ्यांना दिसले त्यातून हवेची करामत वजा केल्याशिवाय त्याला घर सापडत नाही.