किल्लेकोटाविना राजा
(चौसष्ट घरं : लेखांक ६)

बॉबी फिशरचे ९६० पट गेल्या लेखांकात मांडून झाले. मागच्या ओळीतली मोहरी दर डावाला वेगळी लावायची, की सुरुवातीच्या चालींचं पाठांतर निकामी. उपाय बिनतोड आहे, पण लहानपणापासून डोळ्यांत बसलेली मांडणीच त्यात हरवते. म्हणून व्लादिमीर क्रॅमनिकने डिसेंबर २०१९ मध्ये सुचवलेला बदल मला जास्त पटतो : मोहरी जिथल्या तिथे ठेवा, फक्त किल्लेकोट काढून टाका.

हे क्रॅमनिकने म्हणावं, याला वजन आहे. २००० साली लंडनमध्ये त्याने गॅरी कास्पारोव्हला एकही डाव जिंकू दिला नाही. तेव्हा त्याचा मोठा आधार होता बर्लिन बचाव. त्यातल्या मुख्य मार्गात वजीर लवकर मारले जातात. काळ्याचा किल्लेकोटाचा हक्कही जातो, पण समोर वजीरच नसल्याने राजा मधोमध निर्धास्त उभा राहतो. पुढे ही भिंत अनेकांनी उभारली. २०१८ मध्ये कार्लसन-कारुआना लढतीचे बाराच्या बारा क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, तेव्हा चाहते हळहळले.

आता घरच्या पटावर करून पाहा. उजवीकडचा घोडा आणि उंट बाहेर पडले आहेत, वाट मोकळी आहे. किल्लेकोट असता तर एका चालीत राजा आडोशाला गेला असता आणि हत्तीही मध्याकडे आला असता. तो नाही, म्हणून जी-प्यादं एक घर पुढे, मग राजा एफ१ वर, मग जी२ वर. तीन चाली गेल्या, आणि हत्ती अजून कोपऱ्यातच! तेवढ्यात समोरच्याने एखादं प्यादं बळी देऊन मधली उभी पट्टी उघडली, तर राजा थेट हत्तीच्या माऱ्यात सापडतो. एरवी आठ-दहा चालींनंतर सुरू होणारी झुंज इथे पहिल्या प्याद्यापासून लागते. प्यादं पुढे टाकतानाच राजाचा विचार करावा लागतो.

डीपमाइंडच्या अल्फाझीरो या संगणक-प्रणालीने स्वतःशी खेळून असे नऊ नियमबदल तपासले, त्यांत हाही होता. प्याद्याने कुठूनही दोन घरं जावं, स्वतःचंच मोहरं मारता यावं, हेही त्यांतलेच. स्वतःचं मोहरं मारणं मला मात्र खेळाच्या स्वभावाला सोडून वाटतं.

किल्लेकोट काढणं तसं नाही. आपल्या देशी बुद्धिबळात तो नव्हताच. राजाला डावात एकदाच घोड्याची उडी मिळे, तीही शह बसण्याआधी. युरोपातला किल्लेकोटही राजाच्या जुन्या उडीतूनच घडत गेला. मीर सुलतान खान देशी नियमांत वाढले, युरोपीय नियम मागाहून शिकले आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश विजेते झाले.

जुलै २०२१ मध्ये डॉर्टमुंडला विश्वनाथन आनंद आणि क्रॅमनिक किल्लेकोटाविना चार डाव खेळले. आनंद २.५-१.५ असा जिंकला. बरोबरी तिथेही झाली, आणि दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर ती होणारच. मला हवं आहे ते एवढंच, की तिथवरची वाट खेळाडूने पटावर बसून शोधावी.

राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही, अशा कोंडीला विजय मानावा का? ते पुढच्या आठवड्यात.