बाटलीत बुडबुडा नको!

४० मिलिलिटरची काचेची कुपी. पाणी काठोकाठ, इतकं की तोंडाशी फुगवटा यायला हवा. झाकण घट्ट लावायचं, कुपी उलटी करायची, टिचकी मारायची आणि डोळे बारीक करून बघायचं, आत बुडबुडा आहे का? असला तर कुपी बाद, दुसरी भरा! ट्रायक्लोरोइथिलीनसारखी रसायनं पाण्यातून उडून जायला टपलेलीच असतात. कुपीत थोडी जरी हवा राहिली तरी ती पाणी सोडून त्या हवेत शिरतात. मग प्रयोगशाळा पाण्यात जे मोजते, ते खऱ्यापेक्षा कमी भरतं.

रसायनांनी नासलेली जागा साफ करताना भूजलाचे नमुने घेणाऱ्यांची सगळी धडपड एवढ्यासाठीच असते. जमिनीत जे आहे तेच बाटलीत यावं, कणभर जास्त नाही, कणभर कमी नाही. ऐकायला सोपं, करायला महाकठीण.

पहिली गंमत म्हणजे निरीक्षण विहिरीतून सुरुवातीला येणारं पाणी नमुन्याच्या कामाचंच नसतं. ते विहिरीच्या पाइपात साचून शिळं झालेलं असतं. त्यामुळे जुनी रीत अशी की पाइपात जेवढं पाणी उभं असेल, त्याच्या तिप्पट आधी उपसायचं. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे साधारण २ लिटर पाणी मावतं. पाण्याची उंची १० मीटर असेल तर उपसा झाला ६० लिटरचा! आणि हे पाणी शेजारी ओतून द्यायची सोय नाही. ते दूषित असू शकतं, म्हणून पिंपांत भरून ठेवायचं आणि त्याचीही रीतसर विल्हेवाट लावायची.

आता बऱ्याच ठिकाणी घाई न करणारी पद्धत चालते. पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर एवढ्याच संथ धारेनं पाणी काढतो. शेजारी मीटर लावलेला असतो. सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा असे आकडे लागोपाठ तीन वेळा जवळजवळ सारखे आले की समजायचं, आता जमिनीतलं ताजं पाणी येतंय. तोवर वाट बघायची. बादलीसारखं भांडं दाणकन सोडलं तर तळचा गाळ उठतो, आणि गाळाला चिकटलेले धातू नमुन्यात येऊन आकडा उगाच फुगवतात.

विहिरींचाही क्रम ठरलेला असतो. सगळ्यांत स्वच्छ विहीर आधी, सगळ्यांत घाण शेवटी. प्रत्येक विहिरीला नवे हातमोजे. गाडीत पेट्रोल शक्यतो आदल्या दिवशीच भरायचं, कारण पेट्रोलची वाफही नमुन्यात उमटू शकते.

नवे नियम तर आणखी अजब आहेत. न चिकटणारे तवे, डाग न धरणारी कापडं, आग विझवायचा फेस यांत वापरली जाणारी ‘पीफास’ नावाची रसायनं शोधायची असतील तर पाणी न शिरणारा भारी रेनकोट घालायचा नाही. कपडे मऊ करणाऱ्या द्रवात धुतलेला शर्ट नको. वेष्टनात गुंडाळलेला बर्गर जवळ आणायचा नाही. टेफ्लॉन तर अजिबात नको. बुडबुड्याच्या त्या कुपीच्या झाकणाला आतून टेफ्लॉनचाच थर असतो, तिथे तो हवाच. इथे मात्र तो वैरी. अमेरिकेनं २०२४ मध्ये यांतल्या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यातली मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. ऑलिंपिकचा २५ लाख लिटरचा तलाव घेतला, तर त्यात प्रत्येकी १० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठही त्याहून कितीतरी जास्त भरेल! एवढं सूक्ष्म मोजायचं तर अंगावरच्या शर्टाची चौकशी व्हायलाच हवी.

आणि हा काटेकोरपणा किती मोलाचा, ते वोबर्नला विचारा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या या गावाला ‘जी’ आणि ‘एच’ नावाच्या दोन विहिरी पाणी पुरवत होत्या. पाण्याला वास येतो, चव विचित्र लागते, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. १९७९ मध्ये जवळच बेवारस पिंपं सापडली, म्हणून पाणी तपासलं. एका विहिरीत ट्रायक्लोरोइथिलीन निघालं लिटरला २६७ मायक्रोग्रॅम. आजची मर्यादा आहे ५! विहिरी बंद झाल्या. त्याच भागातल्या कितीतरी मुलांना रक्ताचा कर्करोग झालेला होता. लोकांनी तक्रार केली तेव्हाच कुणी चार कुप्या भरल्या असत्या तर, हा प्रश्न मनातून जात नाही. पुढे खटला झाला, १९९५ मध्ये पुस्तक आलं, १९९८ मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा सिनेमा.

खटला म्हटला की नमुना हा पुरावाच. बर्फाच्या पेटीला सील लागतं, आणि पेटी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दरवेळी सही होते. पेटीत एक मुकी साक्षीदारही असते: प्रयोगशाळेतच शुद्ध पाण्यानं भरलेली, प्रवासभर न उघडलेली कुपी. तिच्यात रसायन सापडलं, तर गडबड विहिरीबाहेर, बहुधा वाटेत झाली. शिवाय एकाच विहिरीचं पाणी दोन वेगळ्या नावांनी पाठवतात. दोन्ही उत्तरं जुळली तर प्रयोगशाळा पास!

मोठी घाई असते ती क्रोमियम-६ च्या नमुन्याची. कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाचं भूजल याच क्रोमियमनं बिघडवलं. त्याविरुद्ध लढणाऱ्या एरिन ब्रोकोविचवरचा २००० सालचा सिनेमा याच गावाचा. शिसं, आर्सेनिक यांच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घातलं की तो ६ महिने टिकतो. क्रोमियम-६ चा नमुना मात्र खास प्रक्रिया न करता पाठवला, तर २४ तासांच्या आत तपासावा लागतो. त्यामुळे त्या दिवशी विहिरीवर पंप सुरू करण्याआधी प्रयोगशाळा किती वाजता बंद होते, ते विचारून घ्यावं लागतं.